मुक्या रुग्णावरील शस्त्रक्रिया व पशुवैद्यकाची नीती

पशुवैद्यकशास्त्रासारखा विषय कलाशाखेच्या पदवीधराने, तोही बँकेतील कारकुनाने हाताळावा काय, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचा खुलासा आरंभीच करतो. शस्त्र कसे चालवावे हे आम्ही सांगणार नाही, तो आमचा अधिकार नव्हे. शस्त्र चालवणारा कोणाकोणाला बांधील असतो, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यावर बोलण्याचा अधिकार मात्र गाय पाळणाऱ्याला आहे, दूध पिणाऱ्याला आहे आणि गाईच्या तारणावर कर्जाचे कागद रंगवणाऱ्यालाही आहे.

शिवाय हा विषय आपल्या भागापासून दूरचा नाही. बारामती एमआयडीसी म्हटले की परगावच्या माणसाला पियाजिओच्या रिक्षा आणि भारत फोर्ज आठवते. पण याच वसाहतीत श्रायबर डायनॅमिक्सचा दुधाचा मोठा कारखाना आहे आणि शेजारच्या इंदापूर तालुक्यात सोनाईसारखी डेअरी उभी राहिली आहे. कारखान्यात पाळी करणाऱ्या कितीतरी कामगारांच्या घरी, गावाकडे, दावणीला एक-दोन संकरित गाई असतात. दर दहा दिवसांनी मिळणाऱ्या दुधाच्या रकमेला आपल्याकडे 'दुधाचा पगार' म्हणतात, यातच सर्व आले. अशा घरात गाय आजारी पडते तेव्हा एक पगार बंद होतो. म्हणून पशुवैद्यकाची नीती हा येथे पोटापाण्याचाच प्रश्न आहे.

माणसांच्या डॉक्टरपुढे रुग्ण स्वतः बसतो. कुठे दुखते ते तोच सांगतो, शस्त्रक्रियेला संमती तोच देतो आणि पैसेही बहुधा तोच देतो. पशुवैद्यकाच्या बाबतीत या गोष्टी फुटून वेगळ्या होतात. दुखते गाईला, बोलतो मालक, पैसे देतो मालक आणि परिणाम भोगतात आणखी कोणी, ज्यांना त्या गोठ्यात काय घडले याची कल्पनाही नसते. या तिघांची ओढ एका दिशेला असेल तेव्हा काही अडचण नसते. ती वेगळ्या दिशांना असते तेव्हाच नीतीची खरी परीक्षा होते.

तारेचे उदाहरण

एकच उदाहरण सविस्तर पाहू, कारण त्यात बहुतेक सर्व तत्त्वे एकत्र सापडतात. गाय ओठांनी चारा निवडून खात नाही. जिभेने घास ओढते, अर्धवट चावून गिळते आणि सवडीने रवंथ करते. आता घरोघरी कडबाकुट्टी यंत्र आले आहे. पेंढीबरोबर एखादी तार यंत्रात गेली की तिचे बोटभर लांबीचे टोकदार तुकडे होतात आणि कुट्टीतून थेट पोटात जातात. जड वस्तू कोटीपोटातून पुढच्या जाळीपोटात जाऊन पडते. जाळीपोटाच्या पुढे पडदा आणि पडद्यापलीकडे हृदय, मध्ये अंतर फार थोडे. पोट आकुंचन पावते तशी तार पुढे सरकते. गाय चारा टाकते, दूध अचानक आटते, ती पाठ वाकवून उभी राहते, उतारावरून चालायला कुरकुरते. तार हृदयाच्या आवरणात शिरली की गळ्याखालच्या पोळीला सूज येते, मानेच्या शिरा टरटरून फुगतात.

पहिल्या अवस्थेत शस्त्रक्रियेचा चांगला उपयोग होतो. गाईला खोड्यात उभी करतात, डाव्या भकाळीवरील केस काढून जागा निर्जंतुक करतात, लिग्नोकेनची इंजेक्शने देऊन तेवढा भाग बधिर करतात. मग कातडी, स्नायू व आतील पडदा कापून कोटीपोट उघडतात आणि हात खांद्यापर्यंत आत घालून जाळीपोटातील तार शोधून काढतात. बधिरीकरण नीट झाले असेल तर गाय हे सगळे चालू असताना उभी असते. हे वर्णन प्रथम ऐकले तेव्हा आम्हाला खरे वाटले नव्हते.

दुसऱ्या अवस्थेत, म्हणजे हृदयाला इजा झाल्यावर, शस्त्रक्रियेने गाय वाचण्याची आशा फारच थोडी असते. आणि नेमक्या त्याच वेळी मालक हातापाया पडत असतो: "डॉक्टरसाहेब, काहीही करा, पण चिरून बघा." येथे पशुवैद्यकाने काय करावे? चिरले तर फी मिळते, मालकाचे समाधान होते, आणि गाय दगावली तर 'प्रयत्न केले' असे म्हणता येते. परंतु ज्या शस्त्रक्रियेने रुग्णाला लाभ नाही ती करू नये, हे या व्यवसायातील पहिले तत्त्व आहे. शस्त्रक्रिया नाकारणे हासुद्धा शस्त्रवैद्याच्या कौशल्याचाच भाग आहे आणि आमच्या मते तो अधिक अवघड भाग आहे. कारण त्याचे पैसे मिळत नाहीत.

मालकाला खरा अंदाज सांगणे हे दुसरे. गाय वाचण्याची शक्यता किती, खर्च किती, नंतर ती पूर्वीइतके दूध देईल की नाही, टाके किती दिवस सांभाळावे लागतील, हे चाकू हातात घेण्यापूर्वी सांगितले पाहिजे. माणसाच्या इस्पितळात संमतीच्या कागदावर सही घेतात. गोठ्यात कागद नसेल, पण समजावून सांगण्याचे कर्तव्य त्यामुळे टळत नाही. 'तुम्हाला काय कळतंय' हे उत्तर अडाण्याला द्यायचे नसते आणि शिकलेल्यालाही नाही.

तिसरे तत्त्व वेदनेचे. जनावराला काय कळते, असे म्हणण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. गोऱ्हा बडवण्याची, म्हणजे दगडा-लाकडाने त्याचे वृषण ठेचून त्याला खच्ची करण्याची रीत जुन्या माणसांनी पाहिली आहे. बर्डिझोचा चिमटा आल्यावर रक्तस्राव आणि जखम टळली, पण वेदना टळत नाही. तिच्यासाठी बधिरीकरणच करावे लागते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. मात्र विहित रीतीने केलेले खच्चीकरण, शिंगे काढणे, डाग देणे यांना त्यातूनच सूट आहे. कायद्याने सूट दिली की विवेकानेही सूट दिली असे समजण्याचे कारण नाही. वासराच्या शिंगकळ्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, जागा बधिर करून जाळल्या तर पुढे मोठी शिंगे कापण्याचा रक्तबंबाळ प्रकार टळतो.

येथे सम्राट अशोकाचा उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. गिरनार व इतर ठिकाणच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा यांची सोय केल्याचे एकत्रच सांगितले आहे, औषधी वनस्पती लावल्याचेही सांगितले आहे. हे पुष्कळांना ठाऊक असते. पाचवा स्तंभलेख मात्र फारसा वाचला जात नाही. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरलेल्या त्या लेखात बैल, बोकड, मेंढा, डुक्कर यांचे खच्चीकरण ठरावीक तिथींना करू नये आणि घोड्या-बैलांना ठरावीक दिवशी डाग देऊ नयेत, असा हुकूम आहे. खच्चीकरण त्याने पूर्णपणे बंद केले नाही, शेतीला बैल लागतो हे तो जाणून होता. पण शेतकऱ्याची गरज आणि जनावराची वेदना या दोहोंचा विचार राज्यकर्त्याने करायचा असतो, हे बावीसशे वर्षांपूर्वी या देशात दगडावर लिहिले गेले.

गाय अडते तेव्हा

कालवडीला वय आणि वजन भरण्यापूर्वीच रेतन केले, त्यातून वासरू मोठे निघाले, की ती विताना अडते. रात्रीची वेळ असते. शेजारची चार माणसे जमतात, वासराच्या पायांना दोरी बांधून ओढाताण सुरू होते. कुणीतरी ओळखीच्या 'डॉक्टर'ला बोलावतो, तो दोन इंजेक्शने टोचतो, पुन्हा ओढाताण. पहाटे खरा पशुवैद्यक येतो तोवर वासरू मेलेले असते, गर्भाशय फाटलेले असते किंवा मायांग बाहेर आलेले असते. सिझेरियन वेळेवर केले असते तर दोन्ही जीव वाचले असते, असे अनेकदा घडते.

आता त्या पशुवैद्यकाने काय करावे? भारतीय पशुवैद्यक परिषदेने १९९२ साली व्यावसायिक आचारसंहितेचे विनियम केले. आपल्या व्यवसायबंधूची मालकापुढे निंदा करू नये, औषध विक्रेत्याकडून कमिशन घेऊ नये, गुप्त औषधे वापरू नयेत, गिऱ्हाईक मिळवण्यासाठी जाहिरातबाजी करू नये, अशी त्यांची दिशा आहे. व्यवसायबंधूची निंदा करू नये हे योग्यच. परंतु रात्री येऊन गेलेला मनुष्य व्यवसायबंधू होता काय, हा मूळ प्रश्न आहे. आणि तो असला तरी, निंदा न करणे वेगळे आणि झालेली इजा मालकापासून लपवणे वेगळे. आधी गाय वाचवावी, मग गर्भाशय फाटले होते हे साध्या शब्दांत सांगावे, कोणी फाडले यावर तेथे व्याख्यान देऊ नये, असे आम्हास वाटते.

कोण पशुवैद्यक आणि कोण नाही, हे १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाने ठरवले आहे. पदवी घेऊन परिषदेकडे नोंदणी केलेल्यालाच पशुवैद्यकीय व्यवसाय करता येतो, आरोग्याचे दाखले देता येतात, न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देता येते. आपल्या राज्याच्या परिषदेचे कार्यालय नागपूरला आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ३० मध्ये एक मुभा ठेवली आहे. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तींना राज्य शासन किरकोळ सेवा देण्याची परवानगी देऊ शकते, मात्र नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व निर्देशानुसार. महाराष्ट्राने २७ ऑगस्ट २००९ च्या अधिसूचनेने ती दिली. लसीकरण, प्रथमोपचार, मलमपट्टी यांसारखी कामे त्यात मोडतात. पोट उघडणे त्यात मोडत नाही.

या अधिसूचनेवरून वाद आहे. २०२१ साली पदविकाधारकांच्या संघटनांनी ती रद्द करावी म्हणून आंदोलन केले. त्यांचे म्हणणे एकदम उडवून लावण्याजोगे नाही. अनेक वर्षे श्रेणी-२ चे दवाखाने पशुधन पर्यवेक्षकांनीच चालवले. रात्री-अपरात्री जिराईत भागातल्या वाडीवर मोटारसायकल घेऊन जाणारा तोच होता आणि देखरेख करणारा अधिकारी वीस गावांपलीकडे होता. कागदावर देखरेख आणि प्रत्यक्षात एकटेपणा, अशा स्थितीत माणसाकडून त्याच्या शिक्षणापलीकडची कामे होतात. दोष त्याच्या एकट्याचा कसा म्हणावा? तथापि गाईच्या बाजूने पाहिले तर उत्तर बदलत नाही. झायलाझिन या गुंगीच्या औषधाचेच पाहा. गाय-बैल त्याला फार संवेदनक्षम असतात, घोड्याच्या मात्रेच्या सुमारे एक-दशांश मात्रा त्यांना पुरते, आणि भरत आलेल्या गाभण गाईला ते देणे धोक्याचे असते. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती ती बाटली असणे म्हणजे काय, हे सांगायला नको. आणि पदविकाधारक निदान काही शिकलेला तरी असतो. केवळ रेतनाची कांडी हाताळता येते म्हणून 'डॉक्टर' झालेल्यांचे काय?

मालकाने विचारावयाचा प्रश्न सोपा आहे: साहेब, आपला नोंदणी क्रमांक काय? विचारायला संकोच वाटतो खरा. पण ज्या गाईसाठी आपण लाखभर रुपये मोजतो तिच्या पोटात चाकू घालणाऱ्याला एवढे विचारण्यात अपमान कसला? सरकारी फिरत्या पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे, तो गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावा.

विद्यार्थी मित्रांसाठी थोडे अवांतर. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासूनचे आहे. आपल्याला जवळचे म्हणजे शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय, १९८८ साली सुरू झालेले. पदवीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून प्रवेश 'नीट'च्या गुणांवर होतो. 'एमबीबीएस हुकले म्हणून इकडे' अशा भावनेने येणाऱ्यांनी वरील तारेचे उदाहरण पुन्हा एकदा वाचावे.

गोठ्याबाहेरची माणसे

शस्त्रक्रियेनंतर गाईला प्रतिजैविके देतात. ती दुधात उतरतात. औषधाच्या वेष्टनावर किती दिवस दूध काढून टाकायचे ते छापलेले असते. धरा, गाय वीस लिटर देते, दर तीस रुपये आहे, पाच दिवस दूध टाकायचे आहे. तीन हजार रुपये गेले, तेही ऑपरेशनच्या खर्चावर. संकलन केंद्रावर हे दूध इतरांच्या दुधात मिसळले की कोणाच्या गाईचे ते कळत नाही, असा हिशेब मनात येतो. पण डेअरीत चाचणी होते आणि एका किटलीपायी टँकरभर दूध परत येऊ शकते. चीज किंवा दही लावताना विरजणातले जीवाणूच या औषधाने मरतात, म्हणून कारखाना काळजी घेतो. कारखान्याला विरजणाची काळजी असते, मग घरी तेच दूध पिणाऱ्या लेकरांची कोणी करायची? वारंवार थोडे थोडे औषध पोटात गेल्याने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटच्या फळीतले औषध. ते दुभत्या, मांसाच्या व अंड्यांच्या प्राण्यांना देण्यास केंद्र सरकारने २०१९ साली बंदी केली ती याच कारणाने. दूध किती दिवस टाकायचे ते पशुवैद्यकाने तोंडी न सांगता कागदावर लिहून द्यावे. लिहिलेले घरातल्या बाईच्या हाती पडते, आणि पहाटे चरवी घेऊन गाईखाली बसणारी बहुतेक घरांत तीच असते.

औषधाचा परिणाम कुठवर जातो पाहा. डायक्लोफिनॅक हे सुजेवरचे, दुखण्यावरचे औषध गाई-बैलांना सर्रास दिले जाई. ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. एके काळी आकाशात घिरट्या घालणारे थवे दोन दशकांत दिसेनासे झाले. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या मोठ्या बाटल्याही बंद कराव्या लागल्या. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवर २०२३ मध्ये तशीच बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना अपाय करत नाही, तेव्हा वेदनाशामकाशिवाय भागवा असे कोणी म्हणत नाही. एक औषध सोडून दुसरे निवडायचे एवढेच.

आता आमच्या टेबलाकडे येतो. कर्जाच्या प्रकरणात गाईचा आरोग्य दाखला असतो, विम्याच्या दाव्यात शवविच्छेदनाचा अहवाल असतो, आणि दोन्हीवर पशुवैद्यकाची सही असते. आम्ही गाय पाहत नाही, सही पाहतो. १९८० च्या दशकातील एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाच्या म्हशींच्या कथा आम्ही निवृत्त सहकाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. एकच म्हैस चार कर्जदारांच्या नावे उभी राही आणि जिवंत असताना कागदोपत्री मरे, असे ते हसत सांगत. आता बारा अंकी पिवळा बिल्ला कानात असतो, छायाचित्र असते. तरी बिल्ला कानासकट कापून आणता येतो आणि अहवाल जनावर न पाहता लिहिता येतो. अशा सहीने नुकसान विमा कंपनीचे होते असे लोक म्हणतात. आमचा अनुभव वेगळा आहे. खोटे दावे वाढले की खऱ्याकडेही संशयाने पाहिले जाते. ज्या विधवा बाईची एकुलती गाय खरोखरच मेली, तिला कागदासाठी सहा-सहा हेलपाटे घालावे लागतात.

बैलगाडा शर्यतीचा दाखलाही याच जातीचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यती थांबवल्या, राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, २०२१ अखेर शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. धावणारा बैल तंदुरुस्त आहे हे पशुवैद्यकाने तपासावे, ही त्यातील अट. मैदानावर हजारोंची गर्दी, व्यासपीठावर पुढारी, आणि एका लंगड्या खिल्लार बैलाला 'नाही' म्हणायचे आहे. ज्याने ते म्हटले त्याच्या पाठीशी गावाने उभे राहिले पाहिजे.

शेवटी मेलेल्या जनावराविषयी. जनावर अचानक मेले, नाका-तोंडातून, गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त आले, तर ती काळपुळी असू शकते. असे शव उघडू नये हा पशुवैद्यकाचा कडक नियम आहे. कानाच्या शिरेतील रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन आधी तपासणी करतात. शव उघडले की जंतूंना हवा लागते, त्यांचे बीजाणू बनतात आणि मातीत ते कित्येक दशके टिकतात. हा नियम पुस्तकात होता, त्या काळी गावातली मेलेली ढोरे कोण ओढत होते, कोण सोलत होते आणि त्यांचे मांस कोणाच्या घरी शिजत होते, हे आपल्या वाचकांना सांगावे लागत नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडण्याचा आग्रह धरला तो स्वाभिमानासाठी. रोगशास्त्राच्या दृष्टीनेही तो तितकाच अचूक होता. त्या ओढणाऱ्या हातांना किती काळपुळ्या झाल्या याची नोंद कोणत्याच दवाखान्यात नाही.

आजही गोठ्यात गाय मेली की ट्रॉलीत चढवायला कोणाला तरी बोलावले जाते, आणि तो कोण असतो हे बहुधा ठरलेले असते. पशुवैद्यक शवविच्छेदन करतो तेव्हा स्वतः हातमोजे घालतो. दोरी धरणाऱ्या माणसाला हातमोजे देणे, त्याच्या हाताला जखम आहे का ते विचारणे, खड्डा सहा फूट खोल घ्यायला आणि शवावर चुना टाकायला सांगणे, आणि रोगाचा संशय असेल तर तो त्याला मालकाच्या आधी सांगणे, हीही पशुवैद्यकाचीच कामे आहेत.